एकच किल्ली

लिंकनला आम्ही चार दिवसांसाठी उतरलो होतो.
पुढे यॉर्क, मग डरहॅम, मग समुद्राकाठचं एखादं गाव,
त्र्यंबकच्या वहीत सगळं आखलेलं, पेन्सिलीनं.
भूमापन खात्यात अख्खी नोकरी गेली त्याची,
शाईचा पस्तावा त्याला ठाऊक होता.

चौथ्या दिवशी माझा गुडघा सुजला.
त्यानं काही न बोलता खोडरबर काढलं.

घरमालकीण पॉलीन म्हणाली,
राहा की, नोव्हेंबरभर खोली रिकामीच आहे.
किल्ली मात्र एकच आहे हं.

एकच किल्ली.
तेहेतीस वर्षांचा आमचा संसार:
तो गडचिरोली, वाशीम, परत गडचिरोली,
मी मिरजेत, पोस्टाच्या काउंटरमागे.
दोन बिऱ्हाडं, दोन कुलपं,
आणि दिवाळीत चार दिवस
एकमेकांना आग्रह करकरून वाढायचं, पाहुण्यांसारखं.
इथे एकजण दूध आणायला गेला
तर दुसऱ्यानं घरात थांबायचं,
नाहीतर दोघांनीही जायचं.
बहुतेकदा दोघंही जातो.

रस्त्याचं नाव स्टीप हिल. उभी चढण.
इतकं खरं नाव मी कुठल्या रस्त्याचं ऐकलं नव्हतं.
कडेला लोखंडी कठडा,
किती म्हाताऱ्या तळव्यांनी गुळगुळीत केलेला.
त्र्यंबक पावलं मोजतो. सवयच आहे.
खालच्या बेकरीपासून आमच्या दारापर्यंत
त्याची चारशे बारा.
माझी सहाशे चाळीस, अधिक तीन विसावे.
वहीत त्यानं दोन्ही आकडे लिहिले,
माझा वर.

भाजीवाला मला डक म्हणतो.
बटाटे किती देऊ, डक? थंडी पडली बघ, डक.
पहिल्यांदा मी मागे वळून पाहिलं,
खरंच एखादं बदक दुकानात शिरलंय की काय.
इथे लाडानं सगळ्यांनाच म्हणतात, पॉलीननं सांगितलं.

त्या रात्री दिवा मालवल्यावर
भिंतीकडे तोंड करून,
नवी सही आधी रद्दी कागदावर गिरवून पाहावी
तसा तो हळूच म्हणाला, "बदके."
मी इतकी हसले
की पॉलीननं खालून विचारलं, सगळं ठीक आहे ना?

तेहेतीस वर्षांत यानं माझं नाव घेतलं
ते फक्त मनीऑर्डरवर.
सौ. कालिंदी, आणि खाली रक्कम.
ती यायची माझ्याच काउंटरवर,
शिक्का मीच मारायचे.

गावाच्या उत्तरेला एक रोमन कमान आहे,
तिच्याखालून अजूनही गाड्या जातात.
एका दुपारी तिथे आम्ही तासभर उभे होतो, काही कारण नसताना.
एक उंच व्हॅन आली, थबकली,
ड्रायव्हरनं काच खाली करून मान बाहेर काढली,
वर दगडाकडे पाहिलं,
आणि मग पोटात श्वास ओढून घ्यावा तशी
ती व्हॅन निघून गेली.
त्र्यंबकनं टाळी वाजवली. एकट्यानंच.

लेकीचा फोन येतो पुण्याहून:
अजून लिंकनच? बघून झालं नाही का?
झालं की, मी म्हणते,
आता राहतोय.

सगळं गोड नाही.
काल हीटरवरून भांडलो.
म्हणजे हीटरवरून सुरू झालं, आणि वाशीमपर्यंत गेलं,
त्या साली तू आला नाहीस, मुलीला टायफॉइड होता,
इथपर्यंत.
तो कोट घालून निघून गेला. किल्ली घेऊन.

अंधार इथे साडेचारलाच पडतो.
कॅथेड्रलची घंटा झाली, पॉलीनच्या टीव्हीवर बातम्या झाल्या,
मी कणीक मळली, चारच पोळ्यांची.
मग जिन्यात त्याचे बूट.
दाराशी येऊन थांबले.
खिशात किल्ली वाजली, मला ऐकू आली,
तरी त्यानं बोटानं दार वाजवलं,
परक्याच्या दाराशी वाजवावं तसं, दोनदा.

मी लगेच उघडलं नाही.
पिठाचे हात तसेच धरून
अलीकडे उभी राहिले,
त्याची धाप ऐकत,
चारशे बारा पावलांची.